पगार ते पगार : गूगल शीटवरच्या घरखर्चाच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२५, बुधवार

काम ठरलं ते असं : कॅलेंडरच्या महिन्याऐवजी पगार जमा होण्याच्या तारखेवर चालणारं घरखर्चाचं शीट. साधन गूगल शीट्स. फुकट आहे, दोघांच्या फोनवर चालतं आणि सूत्र उघडून बघता येतं. एसएमएस वाचून आपोआप खर्च भरणारी ॲप्स आहेत, पण ती झालेल्या खर्चाचा पंचनामा करतात. २० तारखेचं बिल कोणत्या पगारातून जाणार, हा आपला प्रश्न. तो त्यांच्याकडून सुटत नाही.

नमुन्याचं घर दोन पगारांचं घेतलं. ‘अ’ राज्य शासनाच्या कार्यालयात, पगार सेवार्थमधून (शासनाची पगारबिलाची प्रणाली) महिन्याच्या १ तारखेला, हातात ४९,८००. ‘ब’ एमआयडीसीतल्या खासगी कारखान्यात, पगार ७ तारखेला, हातात ३४,६००. एकूण ८४,४००. आकडे नमुन्याचे, तारखा आणि नियम खरे.

हातात येणारा पगार म्हणजे कपात होऊन खात्यावर पडणारी रक्कम. पगारपत्रकावरचं ‘एकूण वेतन’ शीटमध्ये कुठेच येत नाही. एनपीएस (निवृत्तिवेतनाची कपात), व्यवसाय कर, पतसंस्थेचा हप्ता हे सगळं पगारातून आधीच वळतं झालेलं असतं. ते बिलांच्या यादीत पुन्हा लिहिलं की तेच पैसे दोनदा वजा होतात.

सूत्र लिहिण्याआधी दोन सेटिंग्ज बघायच्या. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकॅल (कोणत्या देशाची पद्धत) ‘भारत’ हवं. ते अमेरिकेचं राहिलं तर ५/७ म्हणजे ५ जुलैऐवजी ७ मे धरलं जातं आणि २५/७ हा नुसता मजकूर बनतो. टाइम झोन कोलकाता हवा. तो पॅसिफिक राहिला तर ‘टुडे’ हे सूत्र उन्हाळ्याच्या वेळेत आपल्या दुपारच्या साडेबारापर्यंत कालचीच तारीख देतं. सकाळी शीट उघडणाऱ्याला रोज एका दिवसाचा फरक दिसतो आणि त्याचं कारण सापडत नाही.

२० जून, शुक्रवार

चार पानं केली : ‘पगार’, ‘बिलं’, ‘राखीव’, ‘नोंदी’. बेरजा दाखवणारं पाचवं पान, ‘टप्पे’, सगळ्यात पुढे.

‘पगार’ पानावर प्रत्येक जमेची एक ओळ, पुढच्या बारा महिन्यांच्या. रकाने : कोणाचा, अपेक्षित तारीख, प्रत्यक्ष तारीख, रक्कम, चालू तारीख. चालू तारीख सूत्राने येते : प्रत्यक्ष भरलेली असेल तर ती, नसेल तर अपेक्षित. बाकीची सगळी पानं या एकाच रकान्याकडे बघतात, त्यामुळे पगार लवकर आला किंवा रखडला तर एकच खाना बदलावा लागतो. ओळी तारखेच्या चढत्या क्रमाने असायलाच हव्यात, नाहीतर खालचं शोधसूत्र चुकीची ओळ उचलतं आणि चूक झाल्याचं कुठे दाखवतही नाही.

प्रत्येक जमेपासून पुढच्या जमेच्या आदल्या दिवसापर्यंत एक टप्पा. जुलैत अ-टप्पा १ ते ६ (६ दिवस), ब-टप्पा ७ ते ३१ (२५ दिवस).

आता बिलं. दुधाचा रतीब २,६१० (१ ते ३ तारखेत), गावी पाठवायचे ६,००० (२), घराचा हप्ता २१,४५० (५), शिकवणी २,२०० (५), दुचाकीचा हप्ता ३,२८० (७), आरडी ३,००० (१०), इंटरनेट ५९० (१२), भिशी २,००० (१५), वीजबिल साधारण १,६५० (२०). बेरीज ४२,७८०. दुधाला तारीख ३ घातली.

कोणतं बिल कोणत्या टप्प्यात, हे ‘मॅच’ सूत्र ठरवतं. त्याच्या शेवटी १ दिला की दिलेल्या तारखेच्या आधीची किंवा तीच तारीख असलेली शेवटची जमा सापडते. खरी मेख या ‘किंवा तीच’मध्ये आहे. दुचाकीचा हप्ता ७ तारखेला, ‘ब’चा पगारही ७ तारखेला. कागदावर जमतं. बँकेत हप्त्याची नॅच (खात्यातून आपोआप वसुलीची व्यवस्था) फाइल सकाळीच लागू शकते आणि कारखान्याचा पगार संध्याकाळी पडू शकतो. हप्ता परत गेला की बँक दंड लावते, कर्ज देणाराही लावतो. म्हणून सूत्रात बिलाची तारीख वजा १ शोधायची. एवढं केलं की ७ तारखेचं बिल आपोआप १ तारखेच्या पगारावर जातं.

या बदलाने अ-टप्प्यातली बिलं ३५,५४० झाली, ब-टप्प्यातली ७,२४०. हप्त्याची तारीख बदलून मिळते का, हे कर्ज देणाऱ्याकडे विचारावं, पण नवीन मँडेट (वसुलीची परवानगी) नोंदवून मंजूर होईपर्यंत जुन्या तारखेलाच पैसे जातात. तोवर जुनी ओळ काढायची नाही.

आणखी एक. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच सगळे दिवस चालतं, रविवारीही. ‘सुट्टी आहे, हप्ता सोमवारी जाईल’ हा हिशेब जुना झाला. बिलांच्या तारखा सुट्टीप्रमाणे पुढे ढकलणारं सूत्र मुद्दाम घातलेलं नाही.

२४ जून, मंगळवार

‘राखीव’ पान. वर्षातून एकदा किंवा तिमाहीला येणारे खर्च :

सोसायटी मेंटेनन्स तिमाही ५,४०० (वर्षाचे २१,६००), एलआयसी तिमाही ४,८७० (१९,४८०), आरोग्य विमा २८,३२०, गणपती ९,०००, दिवाळी १८,०००, शाळेची पुस्तकं-गणवेश ११,०००, मालमत्ता कर ६,२००, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ७,०००. बेरीज १,२०,६००, म्हणजे महिन्याला १०,०५०.

बहुतेक तयार टेम्प्लेट्स इथेच फसतात. बाराने भागायचं आणि महिन्याला १०,०५० बाजूला काढायचे, हे वर्ष उलटल्यावर बरोबर येतं. जूनअखेर सुरू करणाऱ्याला दोन महिन्यांत गणपती गाठायचा असतो. बाराव्या भागाने ऑगस्टपर्यंत गणपतीचे १,५०० जमतात आणि लागतात ९,०००.

म्हणून सूत्र असं : (लागणारी रक्कम − जमलेली) ÷ त्या तारखेआधी येणारे ‘अ’चे पगार. भाजकात ‘काउंटइफ्स’ (अटीत बसणाऱ्या ओळी मोजणारं सूत्र), चालू तारीख आजची किंवा पुढची आणि खर्चाच्या तारखेच्या आतली. १ जुलैला त्याची मागणी : सोसायटी ५,४००, एलआयसी ४,८७०, गणपती ४,५००, दिवाळी ४,५००, आरोग्य विमा ५,६६४, दुचाकी १,०००, पुस्तकं ९१७, कर ५६४. एकूण २७,४१५.

जुलैत उरतात किती? ८४,४०० वजा बिलं ४२,७८० वजा रोजचा खर्च. रोजचा म्हणजे किराणा, भाजी, पेट्रोल, औषधं, किरकोळ, मिळून दिवसाला ८५०. ३१ दिवसांचे २६,३५०. राहतात १५,२७०. तूट १२,१४५.

तूट दिसली म्हणून सूत्र बिघडलं असं समजू नये. कशाला थांबवायचं हे आता ठरवता येतं :

दिवाळी यादीतून बाहेर. भिशी दहाजणांची, २,००० ची, नंबर ठरलेला ऑक्टोबरचा, म्हणजे २०,००० येणार. भिशी चिठ्ठीवर असती तर ही मुभा नव्हती.

आरोग्य विमा नोव्हेंबरात. त्याची सुरुवात सप्टेंबरच्या पगारापासून.

दुचाकी आणि पुस्तकं ऑगस्टपासून.

आता राहतात १५,३३४. कराच्या ५६४ ऐवजी ५०० घेतले की १५,२७० ला बरोबर बसतं. ‘सुरुवात’ नावाचा रकाना वाढवला. त्या तारखेआधी सूत्र शून्य देतं.

गणपतीची तारीख २७ ऑगस्ट न घालता २० घातली. मूर्तीची आगाऊ रक्कम, मखर, गावच्या गाडीचं तिकीट हे सगळं चतुर्थीच्या आधी जातं. राखीव पानावर सण कधी हे बिनकामाचं. पैसे खिशातून कधी निघतात ती तारीख हवी.

२७ जून, शुक्रवार

रोजच्या खर्चासाठी गूगल फॉर्म जोडला. प्रश्न चारच : रक्कम, कशावर, कुठून दिले, तारीख (आजची असेल तर रिकामी). पाचवा प्रश्न घातला की आठवड्यात लोक फॉर्म भरणं सोडतात.

रक्कम या प्रश्नावर ‘संख्या, शून्यापेक्षा मोठी’ ही अट लावायलाच हवी. आपल्याकडे हात आपोआप २५०/- असं लिहितो. शीटसाठी तो मजकूर. बेरीज त्याला वगळते आणि कुठे लाल होत नाही. ‘कशावर’ला ड्रॉपडाउन. उघडं ठेवलं तर लाइट बिल, वीजबिल, एमएसईबी अशा तीन नावांनी एकच खर्च तीन ठिकाणी जातो.

फॉर्मच्या उत्तरांचं पान हातानं छेडायचं नाही. शेजारच्या रकान्यात खेचून ठेवलेली सूत्रं नवीन उत्तराच्या ओळीत उतरत नाहीत, कारण फॉर्म नवी ओळ घुसवतो. दिवस काढणारं सूत्र दुसऱ्या पानावर, ‘ॲरेफॉर्म्युला’ने (पूर्ण रकान्याला लागू होणारं सूत्र), एकदाच.

दिवस काढायचा म्हणजे वेळ छाटायची. फॉर्मचा शिक्का ६ जुलै दुपारी अडीच असा येतो. शीटच्या हिशेबात तो ६ जुलैपेक्षा मोठा. ‘६ जुलैपर्यंत’ अशी बेरीज मागितली की त्या दिवसाचा सगळा खर्च गळतो. उपाय दोन : ‘इंट’ने वेळ काढून टाकणं, किंवा अट ‘पुढच्या टप्प्याच्या सुरुवातीपेक्षा लहान’ अशी लिहिणं. दोन्ही केलं.

प्रीपेड रिचार्ज ‘बिलं’ पानावर महिन्याने लिहिलेला नाही. २८ दिवसांचा पॅक वर्षात तेरा वेळा लागतो. मागच्या तारखेत २८ (किंवा ८४) मिळवणारी वेगळी ओळ. पैसे रोजच्या ८५० मधूनच. गॅसच्या टाकीचंही तेच, अंदाजे ४० दिवसांनी.

१ जुलै, मंगळवार

‘अ’ची जमा आली. प्रत्यक्ष तारीख भरली.

‘टप्पे’ पानावर सगळ्यात वर एकच मोठा आकडा : आजपासून पुढच्या पगारापर्यंत दिवसाला किती. टप्प्यात उरलेला रोजचा खर्च ÷ (पुढची जमा − आज). पगाराच्या दिवशी भाजक शून्य होतो आणि खान्यात चूक दिसते, म्हणून भाजकाला ‘मॅक्स’ने किमान १. पुढचा पगार रखडला तर भाजक उणे जातो, तोही याच उपायाने सावरतो. रंग : ८५० च्या वर हिरवा, ६०० खाली लाल, मधे काही नाही. पिवळा घातला तर तो कायम पिवळाच राहतो आणि कुणी बघत नाही.

राखीव रक्कम आजच वेगळ्या बचत खात्यात. ज्या खात्यातून भाजीचे यूपीआय जातात त्यातच ‘राखीव’ पडून राहिलं तर ते फक्त शीटवर राखीव असतं. अ-टप्प्यातून निघाले ९,१६० : ४९,८०० वजा बिलं ३५,५४० वजा सहा दिवसांचे ५,१००. आधी सोसायटी पूर्ण ५,४००, उरलेले ३,७६० एलआयसीकडे. एलआयसीचे बाकी १,११०, गणपतीचे ४,५०० आणि कराचे ५००, मिळून ६,११०, ‘ब’च्या पगारातून.

७ जुलै, सोमवार

‘ब’ची जमा संध्याकाळी. दुचाकीचा हप्ता सकाळी गेलेला, १ तारखेच्या पैशातून.

उशिरा येणाऱ्या पगारासाठी गादी, म्हणजे हाताशी राखून ठेवलेली रक्कम, किती हवी, याचा हिशेब. २०२५ मध्ये लागू असलेल्या वेतन अदायगी कायद्यात (१९३६) एक हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पगार ७ तारखेपर्यंत आणि त्याहून मोठ्या ठिकाणी १० तारखेपर्यंत देण्याची अट होती. तो कायदा महिन्याला २४,००० पर्यंतच्या वेतनाला लागू होता. वरच्यांना तो आधार नव्हता, पण कारखाना सहसा सगळ्यांचा पगार एकाच दिवशी सोडतो. तेव्हा सर्वांत वाईट धरायचं १० तारीख, तीही संध्याकाळ. मधले तीन दिवस गुणिले ८५० म्हणजे २,५५०, आणि १० तारखेच्या आरडीचे ३,०००. गादी ५,५५०.

‘तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा’ हा सल्ला चांगला आहे, पण तो नोकरी गेली तर काय यासाठी. ही गादी वेगळ्या कामाची : नोकरी आहे, पगार येणार आहे, फक्त तीन दिवस इकडे-तिकडे. जुलैत तिला पैसे नाहीत. तोवर सुटण्याची वाट एकच, एलआयसीची २८ जुलैची तारीख. तिमाही हप्त्याला महिन्याची सवलतीची मुदत असते. तशी मुदत घराच्या हप्त्याला नाही.

१३ जुलै, रविवार

पहिला ताळा. दर रविवारी, एका ओळीत.

एका बाजूला शीटप्रमाणे असायला हवेत ते पैसे : रोजच्या खर्चाचे उरलेले १५,०७०, न गेलेली बिलं (भिशी, वीज) ३,६५०, राखीव ९,८७०. एकूण २८,५९०. दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष : दोन्ही घरखात्यांसह राखीव खात्यातले मिळून २९,६४६, रोख ९००, यूपीआय लाइटमधले (फोनमधलं छोट्या खर्चाचं पाकीट) ६४०, वजा क्रेडिट कार्डाचे देणे २,८३०. एकूण २८,३५६. फरक २३४.

त्यातले १७७ डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क, १५० अधिक १८ टक्के जीएसटी. उरलेले ५७ भाजीवाल्याकडे किंवा रिक्षात गेले असतील. १०० च्या आतला फरक शोधायचा नाही, ‘किरकोळ’मध्ये टाकून पुढे जायचं. ५७ रुपयांसाठी अर्धा तास घालवणारा माणूस महिनाभरात शीट बंद करतो.

कार्डाचा नियम : कार्ड घासलं त्या दिवशीच तो खर्च चालू टप्प्यात. बिल भरताना पुन्हा नोंद नाही, ते नुसतं एका खिशातून दुसऱ्या खिशात. बिलाची तारीख १८ असेल तर १९ तारखेची खरेदी पुढच्या महिन्याच्या बिलात जाते आणि पैसे आणखी पुढे. शीटने बिलाच्या तारखेकडे बघितलं तर दीड महिना सगळं स्वस्त वाटतं.

यूपीआय लाइटचे खर्च बँकेच्या पासबुकात एकेक दिसत नाहीत, फक्त पैसे भरल्याची नोंद दिसते. काटेकोर माणूस ते हस्तांतर म्हणून लिहील. सोपा मार्ग असा की लाइटमध्ये ५०० भरले की ५०० किरकोळ खर्च. मग ताळ्यात लाइटची शिल्लक मोजायची नाही. दोन्ही चालतं, मधेच पद्धत बदललेली चालत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

‘अ’ला १ जुलैची वेतनवाढ, ती जुलैच्या पगारात, म्हणून जमा आज. मूळ वेतन ३८,१०० वरून ३९,२००. वाढ १,१००, त्यावर ५३ टक्के महागाई भत्ता ५८३, वजा एनपीएस १० टक्के १६८. हातात किमान १,५१५ जास्त. घरभाडे भत्त्यातली वाढ धरलेली नाही. नवी जमा ५१,३१५.

राखीवची मागणी : गणपती ४,५००, सोसायटी १,८००, एलआयसी १,६२३, दुचाकी १,१६७, पुस्तकं १,०००, कर ५७०. एकूण १०,६६०. अ-टप्प्यात उरतात १०,६७५. ७ तारखेला ब-टप्प्यातून उरणारे ६,११० आता मोकळे. त्यातून गादीचे ५,५५०.

वाढलेले १,५१५ रोजच्या खर्चात टाकायचे का? नाही. ८५० हा आकडा पगारावरून आलेला नाही, खर्चावरून आला आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

राज्य कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ५३ वरून ५५ टक्के झाल्याचा शासन निर्णय. लागू १ जानेवारी २०२५ पासून, जानेवारी ते जुलैची थकबाकी ऑगस्टच्या पगारासोबत. शीटसाठी : ३८,१०० चे २ टक्के ७६२, सहा महिने ४,५७२, जुलैचे ७८४, एकूण ५,३५६, एनपीएस ५३६ वजा, हातात ४,८२०. दर महिन्याची कायमची वाढ ७०६, म्हणजे जमा ५२,०२१.

थकबाकीला ‘पगार’ पानावर वेगळी ओळ आणि प्रकार ‘एकदाच’. हा प्रकार टप्प्याच्या बेरजेतून वगळलेला आहे. पगाराच्या ओळीतच मिसळली तर पुढच्या अकरा महिन्यांच्या ओळींत तीच रक्कम खेचली जाते. ४,८२० थेट आरोग्य विम्याच्या राखीवमध्ये.

२३ ऑगस्ट, शनिवार

गणेशोत्सवामुळे राज्य कर्मचाऱ्यांचा ऑगस्टचा पगार १ सप्टेंबरऐवजी २६ ऑगस्टला द्यायचं ठरलं आहे. याच परिस्थितीसाठी शीट महिन्यावर बांधलेलं नाही.

एकाच पगारावरचं घर घ्या. १ ऑगस्टचा पगार २५ दिवस पुरवायचा, २६ ऑगस्टचा ३६ दिवस, कारण पुढचा १ ऑक्टोबरला. पगार तेवढाच, दिवस अकरा जास्त. ८५० ने ९,३५० चा फरक. गणपतीत हात सैल सोडला की सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चटका बसतो, आणि ‘या महिन्यात एवढे पैसे गेले कुठे’ असं होतं. कुठे गेलेले नसतात, सप्टेंबरच्या सहा दिवसांऐवजी ऑगस्टच्या सहा दिवसांनी ते आधी उचललेले असतात.

आपल्या दोन पगारांच्या नमुन्यात तोच ताण वेगळ्या जागी दिसतो. अपेक्षित तारीख २६ ऑगस्ट केली. ब-टप्पा ७ ते ३१ होता, तो ७ ते २५ झाला : १९ दिवस. अ-टप्पा २६ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर : १२ दिवस. ‘टप्पे’ पान लगेच ब-टप्प्यात ५,१०० शिल्लक दाखवायला लागलं आणि वरचा आकडा गडद हिरवा. शिल्लक खोटी आहे. सहा दिवसांचे ५,१०० पुढच्या टप्प्यात गेले आहेत, आणि पुढच्या टप्प्याला नेहमीपेक्षा सहा दिवस जास्त आहेत.

दुरुस्ती : ‘मागून आणलेले’ हा रकाना. टप्पा संपला की उरलेला रोजचा खर्च पुढच्या टप्प्यात आपोआप जातो. राखीवमध्ये किंवा ‘मोकळे’मध्ये काही टाकायचं तर ते हाताने. २६ ऑगस्टचं गणित : ५२,०२१ वजा बिलं ३५,५४० वजा १२ दिवसांचे १०,२०० अधिक मागून आणलेले ५,१००. उरतात ११,३८१.

राखीवची मागणी यावेळी १३,९९४, कारण आरोग्य विमा सुरू झाला : २८,३२० मधून थकबाकीचे ४,८२० वजा, उरलेले तीन पगारांत, ७,८३३. कमी पडणारे २,६१३ ‘ब’च्या पगारातून.

शासन निर्णय निघाला म्हणजे खात्यात आलं असं नाही. प्रत्यक्ष तारीख जमेचा एसएमएस आल्यावरच भरायची.

८ सप्टेंबर, सोमवार

७ तारीख रविवारी आली, ‘ब’ची जमा आज. एक दिवस गादीवर निघाला, ८५० वापरले. बँकेकडून अडचण नसते, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस चालतं. रविवारी पगाराची फाइल सोडायला कारखान्याच्या हिशेब खात्यात कुणी नसतं, एवढंच.

ब-टप्पा २३ दिवसांचा. ३४,६०० − ७,२४० − १९,५५० = ७,८१०. त्यातून गादी भरून ८५०, विम्याचे २,६१३. मोकळे ४,३४७.

२२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी शून्य. आरोग्य विम्याचे २८,३२० म्हणजे २४,००० अधिक १८ टक्के. लक्ष्य आता २४,०००. जमलेले १२,६५३, उरलेले ११,३४७ दोन पगारांत, ५,६७४. एलआयसीच्या ४,८७० मध्ये कर २.२५ टक्केच होता. ऑक्टोबरचा हप्ता ४,७६३.

विमा कंपनी मूळ हप्ता बदलू शकते, वयाचा गट बदलला तर तो बदलतोच. नूतनीकरणाची सूचना हातात आल्यावर लक्ष्य पुन्हा तपासायचं. तोवर वाचलेले ४,३२० खर्चायला मोकळे धरलेले नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार

१ ऑक्टोबरच्या पगारातून उरले ११,३८१, राखीवची मागणी ११,७२७. ३४६ ‘ब’कडून.

उद्या ५ तारीख, रविवार, घराचा हप्ता. हप्त्याच्या खात्यात आज रात्री २१,४५० अधिक बँकेची किमान शिल्लक असली पाहिजे. ही किमान शिल्लक शीटमध्ये कधीच खर्चायची रक्कम म्हणून येऊ नये, म्हणून ताळ्याच्या ओळीत ती वेगळी वजा केली आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पुढच्या वर्षाच्या तारखा भरताना एक अवघड जागा दिसते. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात, आणि वर्षअखेरीमुळे मार्चचा शासकीय पगार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रेंगाळू शकतो. ‘अ’ची अपेक्षित तारीख ७ एप्रिल घालून पाहिली. लगेच ५ एप्रिलचा घराचा हप्ता मार्चच्या टप्प्यावर सरकला आणि तो टप्पा लाल झाला. ५,५५० ची गादी इथे पुरत नाही.

राखीवमध्ये नवी ओळ : ‘एप्रिलचा हप्ता’, २१,४५०, तारीख ३० मार्च. ही ओळ ‘ब’च्या पगारावर लावली, भाजकात ‘ब’च्या जमा मोजल्या : ऑक्टोबर ते मार्च सहा, महिन्याला ३,५७५. आजच्या ब-टप्प्यात उरतात ६,११०, त्यातून ‘अ’कडचे ३४६ आणि हे ३,५७५ गेले की मोकळे २,१८९. पगार वेळेवर आला तर एप्रिलअखेर ही रक्कम तशीच ठेवायची, पुढच्या मार्चसाठी.

फेब्रुवारीच्या पगारात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जातो (वर्षाचे २,५००). दोन्ही पगारांच्या त्या ओळीत रक्कम १०० ने कमी केली. ‘अ’चा फेब्रुवारीचा पगार १ मार्चला, ‘ब’चा ७ मार्चला पडतो, म्हणून बदल मार्चच्या ओळींत आहे.